खाडीनंतर कोण?

मी भाईंदरजवळ मुर्ध्याला भाडेकरू म्हणून राहायला आले, त्या दिवशी आमच्या घरमालकीणबाई आपल्या झोपायच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढत होत्या. नवरा स्टुलावर उभा, त्या खाली, हातात हातोडा. मी वळकटी काखेत मारून अंगणात. मला वाटलं, घर पाडायला घेतलंय आणि आम्हांला कळवायचं राहिलंय. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तू मास्तरीन ना? ये. दार वाऱ्याला आडवं येतंय, म्हनून काढलंय."

ते दार पुढे कधीच जागेवर बसलं नाही. माळ्यावर गेलं, आणि उन्हाळा आला की खाली उतरवून त्यावर सुकट वाळत घालायचं. नवऱ्याने एकदा "पडदा तरी लावू या" असं सुचवलं होतं म्हणे. त्याला जे उत्तर मिळालं ते त्याने कोणाला सांगितलं नाही.

आम्ही रत्नागिरीकडची माणसं. आमचे हे मुंबईला कचेरीत, आणि मला गावच्या शाळेत नोकरी. चीनशी लढाई होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मुर्ध्यात तेव्हा भातशेती होती, खाडी होती आणि खाडीला लागून मिठाची आगरं होती. बाईंच्या घरचीही मिठागरं होती. सगळं गाव त्यांना 'बाय' म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. तोंडावर 'तुम्ही' म्हणत असले तरी मनात ती केव्हाच 'ती' झाली होती.

बाय धवळारीण होती. आमच्या बाजूला लग्न म्हटलं की भटजी. इथे भटजी होतेच, पण त्यांच्याआधी आणि त्यांच्यापेक्षा जास्त मान धवळारणीचा. ती मांडवात बसून धवळे गाते, तांदळाचा चौक भरते, आणि गाण्यातून एकेका देवाला लग्नाचं आवतण देते. डोंगरावरचा, वेशीवरचा, विहिरीतला, खाडीतला, सगळ्यांना नाव घेऊन बोलवायचं. एखादा राहिला तर तो येत नाही, आणि तो आला नाही तर लग्न अर्धंच लागलं. आवतण तिच्याच तोंडून गेलं पाहिजे. मागच्या बायका तिची ओळ झेलतात, पण पुढची ओळ तिला कोणी सुचवायची नाही. असा नियम. बायच्या आवाजाला गोडवा बिडवा काही नव्हता. पण ती गायला लागली की पत्ते खेळणारे पुरुष पत्ते खाली ठेवायचे, एवढं मी स्वतः पाहिलंय.

आता दाराचं. बायचं वय तेव्हा पन्नाशीच्या अल्याड-पल्याड. पाळी थांबून वर्ष-दोन वर्षं झालेली. आणि दिवसातून कितीदा तरी तिच्या छातीतून एक आग उठायची आणि मानेवरून डोक्यापर्यंत चढायची. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. थोड्या वेळाने सगळं ओसरून ती गारठून जायची. आमच्याकडे बायका हे सगळं पदराखाली झाकून न्यायच्या. माझ्या आईला हे झालं असणारच, पण मला त्याचा पत्ता नाही. बायने त्याला नावच ठेवलं होतं, 'पावनी'. म्हणजे पाहुणी. मासळीचा भाव करता करता ती मधेच हात वर करायची, "थांब रं, पावनी आली." मग पदरात खोचलेली लहान सुपली काढून स्वतःला वारा घालायची. मासळीवाला टोपली धरून उभा. पोस्टमन आला तरी तेच, सरपंच आले तरी तेच. सुपलीशिवाय मी तिला कधी पाहिली नाही. विहिरीवर जाऊन लुगड्यासकट डोक्यावर चार कळशा ओतून घ्यायची आणि तशीच ठिबकत माझ्या खोलीत येऊन विचारायची, "चाय हाय का गो?"

मला पहिल्यांदा तिची लाज वाटायची. मग मजा वाटायला लागली. मग सवय झाली आणि तिच्यावर जीव जडला.

आगीचं तिला फारसं दुःख नव्हतं. "आग मी मिठागरावं लई पायली," म्हणायची. झोप उडाली होती, त्याचंही ती काही बोलायची नाही. तिला धास्ती पडली ती त्या वर्षीच्या एका लग्नात. मांडवात मीही होते. बाय देवांना बोलवत होती. डोंगर झाला, वेस झाली, खाडी झाली. तेवढ्यात पावनी आली. सुपली फिरली, आवाज एकदा हलला, आणि गाणं पुढे गेलं. मला काहीच कळलं नाही. मागच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, एवढंच. लग्न लागलं, वरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाय नारळ घेऊन मिठागराकडे निघाली. मी शाळेच्या वाटेवर होते, तिच्याबरोबर थोडं चालले. बांधावर एक दगड आहे, शेंदूर फासलेला. तो आगराचा राखणदार. खाडीनंतर त्याचं आवतण असतं. बायने नारळ फोडला आणि दगडाशी बोलली, शेजाऱ्याशी बोलावं तशी. "तुला बोलवायचा राहिला काल. मुद्दाम न्हाय केलं. तुजं नाव सकाली चूल पेटवताना आठवलं." मग माझ्याकडे वळली. "पोरीच्या लग्नाला तो आलाच न्हाय, मास्तरीन. माज्यामुलं."

मी म्हटलं, "बाय, तुम्ही सांगा, मी सगळं लिहून घेते. पुढ्यात कागद असला की झालं."

"कागद बगून कोन आवतान देतं?" ती म्हणाली. "आनि मना वाचता कुटं येतंय?"

त्या दिवसापासून तिने कंबर कसली. गाणं परत आणायचं, मग त्यासाठी काय वाटेल ते करू. घरादाराला सांगून टाकलं. सून बिचारी तुळशीला प्रदक्षिणा घालायला लागली, पण बायचा भरवसा आधी औषधावर.

बोरिवलीला तेव्हा एक लेडी डॉक्टर बसायच्या. हुशार आणि मोकळ्या. मी बायला घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो बाई, तुमच्या शरीरात एक रस तयार होत होता, तो आता आटलाय. तोच रस गोळीतून देता येतो. हार्मोन म्हणतात त्याला. मुंबईत मोठमोठ्या घरच्या बायका घेतायत." बायने विचारलं, "त्यांना पन धवले गावाचं आसतं का?" डॉक्टर हसल्या. गोळी रोज घ्यायची, महिन्यात काही दिवस बंद ठेवायची, आणि दर थोड्या महिन्यांनी येऊन तपासून जायचं, असं त्यांनी बजावून सांगितलं.

खरं सांगते, गोळीने जादू केली. महिन्याभरात पावनी येईनाशी झाली. बाय झोपायला लागली, घोरायला लागली, आणि दार नसल्यामुळे ते आम्हांला सगळ्यांना ऐकू यायला लागलं. गाणं तर धो धो आलं. दळताना, भांडी घासताना, देवामागून देव बोलावणं चाललेलं. खाडी झाली की राखणदार हजर. आजीने शिकवलेले आणि मधे विसरलेले धवळेही आठवले. "डागतरनीचं पाय धुवून पानी प्यालं पायजे," ती म्हणायची. मला वाटलं, झालं, आपलं काम संपलं.

मग एका सकाळी बाय अंगणातल्या जात्याशी न बसता गोठ्याच्या कडेला वेगळी बसलेली दिसली. मी विचारलं तर म्हणाली, "परत बाहेरची झाले गो. या वयात. सून हसतंय मना."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की गोळी थांबवलेल्या दिवसांत असं होऊ शकतं. मी ते ऐकलं होतं, बायनेही ऐकलं होतं, पण दोघींनाही त्याचा अर्थ कळला नव्हता. डॉक्टरांच्या लेखी ती किरकोळ गोष्ट होती. मुंबईच्या बायकांना कदाचित त्यात तरुणपण परत आल्यासारखं वाटत असेल. पण विटाळशी बाई मांडवात पाऊल टाकत नाही, आणि धवळारीण तर नाहीच नाही. वय उलटलं की धवळारणीला ती एक कटकट नसते, म्हणून तर पोक्त बायकांना मान. बायचा तो मान गोळीने काढून घेतला होता.

दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. कोणाला कळणार होतं? पण राखणदाराला नारळ फोडून कबुली देणारी बाई ही. ती गप्प बसणार नव्हती, आणि हारही मानणार नव्हती. डॉक्टरांकडून तिने नीट समजून घेतलं की गोळी बंद असलेल्या दिवसांतच हे होतं, एरवी नाही. मग काय, तिने लग्नांच्या तारखांत हात घातला. मुलीचा बाप मुहूर्त काढून आला की बाय बोटांवर हिशेब करायची आणि सांगायची, "त्या आठवड्यात न्हाय. पुढचा बगा." एकदा भटजी चिडून स्वतः आले. "अहो, पंचांगात हाच दिवस आहे."

"तुमचं पंचांग तुमच्यापाशी," बाय म्हणाली, "माजं माज्यापाशी."

भटजींनी कारण विचारलं. बायने सांगितलं. पुढच्या खेपेला त्यांनी काही न विचारता दोन-तीन मुहूर्त काढून आणले.

याच दिवसांत बायचे दात दुखायला लागले आणि कोणीतरी तिला माझगावच्या एका चिनी दाताच्या डॉक्टरकडे नेलं. तेव्हा मुंबईत चिनी दंतवैद्य बरेच होते, हात हलका म्हणून प्रसिद्ध. याची म्हातारी आई मागच्या खोलीत औषधी मुळ्या विकायची. लढाईनंतर त्या माणसांचे दिवस काही चांगले चालले नव्हते. गिऱ्हाईक तुटलेलं, पोलीस अधूनमधून येऊन विचारपूस करून जायचे. बाय मात्र दाढ उपटून घेऊन, गालात कापूस धरून, थेट म्हातारीसमोर जाऊन बसली. पुढच्या वेळी मला घेऊन गेली, म्हणून ते मला पाहायला मिळालं.

म्हातारीने तिच्या दोन्ही हातांच्या नाड्या पाहिल्या. जीभ बाहेर काढायला लावली. मग म्हणाली, "ऊपर गरम. नीचे ठंडा."

बायने माझ्या मांडीवर थाप मारली. "बग. बरोबर बोलली. डोचकं चुलीवर आनि पाय पान्यात. डागतरनीला हे न्हाय कललं."

त्या दोघी तासभर बोलत बसल्या, दोघींचंही हिंदी मोडकं. काय उष्ण, काय थंड, प्रसूतीनंतर काय खायचं, सुनांना काय खायला घालायचं. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. गोळीचं ऐकून म्हातारीने नाक मुरडलं. "टाइम खलास, तो खलास. वापस कायको मंगता?" बाय म्हणाली, "गाना मंगता." म्हातारीने एक मुळी दिली. पिवळट, फाटे फुटलेली, ओव्यासारखा वास येणारी. बरोबर सुकी लाल बोरं. मातीच्या भांड्यात उकळून प्यायची.

गावात बोंब झाली. शत्रूचं औषध घरात आणलं. सरपंचांनी चार लोकांत विषय काढला तेव्हा बाय म्हणाली, "माज्या घामाला देश न्हाय कलत. तुमच्या कुनाला घाम येतो का सांगा, न्हायतर बसा." ते बसले.

आता इथे बायने तिचं डोकं चालवलं. मला नेहमी वाटतं, ही चूक तिच्यासारखी बाईच करू शकते, कारण त्यात तिचं अख्खं तर्कशास्त्र होतं. म्हातारी म्हणाली होती, वर गरम, खाली थंड. म्हणजे दुखणी दोन. मग औषधंही दोन हवीत. गोळी वरचं बघेल, मुळी खालचं बघेल. देव्हाऱ्याखालच्या फळीवर एका बाजूला गोळ्यांची बाटली आणि दुसऱ्या बाजूला मुळीची पुडी. दोघींना ती 'सवती' म्हणायची. "भांडल्या तर भांडू दे," म्हणाली, "घरचं काम झालं म्हंजे बास." डॉक्टरांना तिने मुळीचं सांगितलं नाही, आणि म्हातारीला वाटलं गोळी सुटली.

सवती भांडल्या. बायच्या पुतणीचं लग्न होतं. तारीख बायने स्वतः ठरवलेली, गोळीच्या हिशेबाने अगदी बिनधोक. हळदीच्या दिवशी मांडवात बायका जमलेल्या, बायने पहिला धवळा उचललेला, आणि तो संपता संपता ती उठून उभी राहिली. चेहऱ्यावरून मी ओळखलं. सरळ मांडवाबाहेर गेली आणि अंगणात पुरुष बसले होते त्यांच्यासमोर, खणखणीत आवाजात म्हणाली, "मी बाहेरची झाले. राईवरना दुसरी धवलारीन आना."

पुरुषांनी माना खाली घातल्या. एक जण सायकल घेऊन शेजारच्या राई गावाला गेला. बाय माझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसली, कारण घरात तिला जागा नव्हती आणि माझी पायरी मांडवाबाहेर होती. राईची धवळारीण आली. चांगली होती, पण घाईची. देवांना भराभरा बोलावत होती, रेशनच्या रांगेत नावं पुकारावीत तसं. बाय पदराचा बोळा तोंडात धरून ऐकत होती. खाडी झाली, राखणदार झाला. राखणदाराचं नाव आल्यावर बाय रडायला लागली. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच. मी शेजारी बसले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. आमच्या घरात हे शिवणं चाललं नसतं. पण त्या वेळी मला ते सुचलंसुद्धा नाही.

रक्त थांबेना तेव्हा मीच तिला बोरिवलीला नेलं. या वेळी तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर चांगल्याच रागावल्या. अवेळी रक्त जाणं म्हणजे आत काही वाईट नाही ना, हे बघावंच लागतं. त्यांनी दवाखान्यात ठेवून घेतलं, गर्भाची पिशवी साफ करून आतलं तपासायला पाठवलं. उत्तर येईपर्यंत आमच्या घरात कोणाला जेवण गेलं नाही. बायचा नवरा, जो वर्षात चार वाक्यं बोलायचा, तो रोज माझ्या दारात येऊन विचारायचा, "आलं काय?" शेवटी आलं. वाईट काही नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, "दोन्ही एकदम चालणार नाही. गोळी पुन्हा सुरू करायची तर मुळी बंद, आणि माझ्या नजरेखाली. नाहीतर गोळी सोडा. पण मग आग परत येणार, आणि तुमच्या विसरण्याचं मी काही सांगू शकत नाही."

बायने विचारलं, "गोली घेतली तर पुन्ना अवेली येनार न्हाय, असं लिवून देशील?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तसं मी देऊ शकत नाही."

मला त्यांचा तो खरेपणा आवडला होता. पुढे काही वर्षांनी त्या गोळ्यांबद्दल परदेशातून काळजीच्या बातम्या यायला लागल्या. नुसती तीच गोळी चालू ठेवली तर पिशवीला धोका, बरोबर दुसरी द्यावी लागते, वगैरे. तेव्हा त्या आपणहून मला म्हणाल्या होत्या, "त्या वेळी आम्हांला तेवढंच माहीत होतं हो." मी स्वतः माझ्या वेळेला दोन वर्षं गोळ्या घेतल्या, दोन्ही प्रकारच्या, तपासण्या करून, आणि मला त्याचा काही पश्चात्ताप नाही. मला कुठे मांडवात बसायचं होतं?

परत येताना भाईंदरला उतरून आम्ही मुर्ध्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा बाय बोलली. "गोली घेतली तं गानं माजं, पन मांडव माजा न्हाय. मुली घेतली तं मांडव माजा, पन गान्याचा भरवसा न्हाय. व्हय ना?"

"हो," मी म्हटलं.

"मंग मांडव बरा. इसारलेलं आठवू शकतंय. बाहेर बसलेली धवलारीन आवतान कसं देनार?"

"आणि मधेच विसरलात तर? पुन्हा कोणी राहिला तर?"

"राहू द्यायचा न्हाय. थांबायचं."

घरी आल्यावर तिने गोळ्यांची बाटली मला दिली, डागतरणीला परत कर म्हणून. मुळी चालू ठेवली. त्या काढ्याने आग गेली नाही, झोप थोडी लागायची. ती मुळीने लागायची की माझगावच्या म्हातारीशी महिन्याकाठी तासभर बोलून यायची त्याने, हे मला सांगता येत नाही. पुढे ते कुटुंब देश सोडून गेलं आणि मुळीही संपली. जाण्याआधी म्हातारीने बायला एक पंखा दिला, कागदी, घडीचा. बायने तो देव्हाऱ्याशेजारी खोचून ठेवला. वारा घ्यायला सुपलीच.

गोळ्या सुटल्यानंतरचं पहिलं लग्न गावातल्याच मुलीचं. मुलगा वसईकडचा, त्यांची माणसं जरा तालेवार. बँडवाले आणलेले. सगळ्यांना ठाऊक होतं की बायला विसरायला होतं, आणि मुलाकडच्यांच्याही ते कानावर गेलेलं. मांडवात बायची सून मागे झेलायला बसली होती. मी कोपऱ्यात.

बायने सुरुवात केली. डोंगराला बोलावलं. वेशीला बोलावलं. विहिरीला, खाडीला. आणि पावनी आली. तिच्या मानेवरून लाली चढताना मला दिसली. बायने तोंड मिटलं आणि सुपली काढली.

सगळे थांबले. बायला राखणदार आठवत नव्हता, हे मला दिसत होतं. मला येत होता. सुनेला येत होता, मागच्या सगळ्या बायकांना येत होता. सून नुसती खाली बघून पदराचं टोक पिळत होती. कुठेतरी मूल रडलं आणि त्याच्या तोंडावर हात गेला. मुलाच्या मावशीचं माहेर इथलंच, तिला ते सहन होईना. ती म्हणाली, "अगो, आगराचा..."

बायने सुपली तिच्याकडे रोखली. "गप. आवतान मना द्यायचंय. माज्या तोंडून जाईल तवा जाईल. घाई आसंल त्यानं जेवून घ्यावं."

कोणी उठलं नाही. बँडवाल्याने वाजवायला म्हणून पिपाणी तोंडाला लावली, तर बायच्या नवऱ्याने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि मांडीवर धरून बसला. किती वेळ गेला, मला माहीत नाही. घाम बायच्या कपाळावरून नाकावर आला, तिथून हनुवटीवर. तिचे डोळे मिटलेले. ती काही आठवण्याची धडपड करत नव्हती. बसस्टॉपवर बसावं तशी बसली होती, गाडी येणार याची खात्री असल्यासारखी. मग आग ओसरली. तिने पदराने आधी कपाळ पुसलं, मग गाल, मग मान. डोळे उघडले, बांधाच्या दिशेला पाहिलं, आणि आगराच्या राखणदाराला नाव घेऊन बोलावलं.

मागच्या बायकांनी ती ओळ अशी झेलली की मांडवाच्या मेढी हलल्या. मी रडले. लाज सोडून रडले, आणि मुलाची मावशीही रडत होती.

त्यानंतर बाय कित्येक वर्षं गायली. कधी विसरायची, कधी नाही, पण विसरली की थांबायची. सुपली, घाम, पदर, आणि मग गाणं. कोणी सुचवायचं नाही, कोणी उठायचं नाही. एकही देव पुन्हा राहिला नाही. म्हातारपणी आग केव्हाच विझली होती, तरी खाडीनंतर थोडं थांबायची तिची सवय गेली नाही.

बाय जाऊन आता खूप वर्षं झाली. मिठागरं गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या. बांधावरचा दगड एका सोसायटीच्या फाटकाजवळ आहे आणि त्याला वॉचमन उदबत्ती लावतो. आम्ही भाईंदर पश्चिमेला फ्लॅट घेऊन राहतो. मध्यंतरी बायच्या घरच्या एका लग्नाचं बोलावणं आलं. लग्न हॉलमध्ये, वातानुकूलित, मला शाल घेऊन बसावं लागलं. धवळारीण होती बायची नात, सुनेची मुलगी. बँकेत नोकरी करते, चष्मा आहे. आवाज थेट आजीचा, गोडवा नसलेला.

तिने डोंगराला बोलावलं. वेशीला, विहिरीला, खाडीला. आणि थांबली.

मी पुढे सरकून बसले. पोरीने डोळे मिटले होते. मांडीवरची छोटी सुपली उचलून तिने चार वेळा हलवली. मग पदराने कपाळ पुसलं, गाल पुसले, मान पुसली. घामाचा थेंब नव्हता. डीजेवाल्या मुलानेसुद्धा हात बाजूला घेतला होता. मग तिने राखणदाराला बोलावलं.

जेवताना मी तिला गाठलं. विचारलं, "खाडीनंतर तू थांबलीस, ते का गं?"

"तिथे थांबायचंच असतं, मास्तरीणबाई," ती म्हणाली. "सगळ्या धवळारणी थांबतात. राईच्याही थांबतात, मुर्ध्याच्याही. आगराचा राखणदार लांबून येतो ना, बांधावरून चालत. त्याला पोचायला वेळ द्यायचा."

"आणि तोंड पुसायचं?"

"तो उन्हातून येतो. त्याच्यासाठी."

खरं काय ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मला येत होतं, त्या हॉलमध्ये आता एकटीलाच येत होतं. पण मधे कोणी सुचवायचं नाही, असा नियम आहे. मी पदराने चेहरा पुसला आणि तिला म्हटलं, "बरोबर आहे. त्याला वेळ द्यायलाच पाहिजे."